बसेल ना हो?

जगातल्या तमाम दुकानदारांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला दुकानदार वस्तू मागितल्याबरोबर काढून देतो. दुसऱ्या वर्गातला 'कुठल्या कंपनीची?' असं विचारतो. पहिल्याकडून आणलेली वस्तू घरी बसत नाही आणि दुसरा ती आपल्याला देतच नाही. खोटं वाटत असेल तर गुलमंडीवर जाऊन नुसती कुकरची रिंग मागून पाहा. कंपनी कोणती, किती लिटरचा, झाकण आतून बसतं की बाहेरून, अशा तीन प्रश्नांत भलेभले पदवीधर गारद होतात. घरातून निघताना सौभाग्यवतींनी 'रिंग आणा' एवढंच सांगितलेलं असतं, आणि वीस वर्षं ज्या कुकरमधला भात खाल्ला त्याचं झाकण आतून बसतं की बाहेरून, हे त्या गृहस्थाला ठाऊक नसतं. मिक्सरचं भांडं, नळाचा वॉशर, चष्म्याची काडी, कवळी, सगळीकडे तोच प्रकार. मध्यमवर्गीय माणसाचं निम्मं आयुष्य 'बसेल ना हो?' हे विचारण्यात जातं आणि उरलेलं निम्मं 'बसत नाही हो' हे सांगायला परत जाण्यात.

हाच प्रश्न बँकेच्या पैशानं विचारायची पाळी आपल्यावर येईल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

मी एका नागरी सहकारी बँकेत कारकून आहे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण मला अजून बरीच वर्षं तिथं नोकरी करायची आहे. २०२३ साली आमच्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा बँकेचे झाडून सगळे रबरी शिक्के आठवडाभरात बदलले. सर्व्हर मात्र बदलला नाही. तो इतका जुना झाला होता, की सकाळी चालू केला की आधी खोकायचा, मग काही वेळ भूतकाळात रमायचा आणि मग कामाला लागायचा. अखेर संचालक मंडळानं नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी एक खरेदी समिती नेमली. समितीत आमचे व्यवस्थापकसाहेब, हेड कॅशियर नाना आणि मी. साहेब पदामुळे आले, नाना वयामुळे आले, आणि मी कशामुळे आलो म्हणाल, तर मागं एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता. बँकेत तांत्रिक ज्ञानाची कीर्ती यापेक्षा कमी भांडवलावर पसरते.

सिडकोतल्या एका कंपनीचा इंजिनिअर माहिती द्यायला आला. वय पंचविशीचं, पाठीवर पिशवी आणि चेहऱ्यावर म्हाताऱ्या आईवडिलांना मोबाइल शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर असते ती सहनशीलता. तो म्हणाला, "सर, रॅक सर्व्हर घ्या. रॅक म्हणजे लोखंडी मांडणी, रुंदी १९ इंच, जगभर तेवढीच. उंची मात्र 'यू'मध्ये मोजायची. एक यू म्हणजे पावणेदोन इंच."

"इंच असताना यू कशाला?" नानांनी विचारलं.

"पद्धत आहे, काका."

या उत्तरावर नाना खूश झाले. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर 'पद्धत आहे' हे एकच कारण माणसाला पटतं.

मला वाटलं, सर्व्हर ठरला म्हणजे काम झालं. पण सर्व्हर विकत घेणं म्हणजे रिकामी चाळ विकत घेणं. समोर एका ओळीत आठ खोल्या असतात. भाडेकरू, म्हणजे डिस्का, आपण निवडून आणायच्या. आणि खरी गंमत इथून पुढं आहे, कारण या चाळीचे नियम आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा कडक आहेत.

पहिला नियम अंगापिंडाचा. डिस्क साडेतीन इंची असते किंवा अडीच इंची. अडीच इंचीच्या खोलीत साडेतीन इंची शिरत नाही. शिवाय डिस्क नुसतीच खोलीत सरकवत नाहीत. तिला आधी एका ट्रेवर बसवतात आणि ट्रेसकट आत ढकलतात. हा ट्रे त्याच कंपनीचा आणि बहुधा त्याच पिढीचा लागतो. म्हणजे नवरीबरोबर पाटही माहेरचाच.

दुसरा नियम घराण्याचा. "सर, सॅस घेणार की साटा?" इंजिनिअरनं विचारलं.

आमच्या शहरात माणूस घरी मराठी बोलतो आणि रिक्षात बसला की हिंदी. त्यामुळे नानांना पहिला शब्द 'सास' असा ऐकू आला. "सासू काय, साटंलोटं काय! तुम्ही सर्व्हर विकता का स्थळं जुळवता?" ते म्हणाले. पोरगं हसलं आणि त्यानं खिशातून दोन डिस्का काढून टेबलावर ठेवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. फरक फक्त मागच्या जोडणीत. साटाच्या जोडणीत मध्ये एक छोटी खाच असते, सॅसच्या जोडणीत ती भरलेली असते. म्हणून साटा डिस्क सॅसच्या जागेत बसते आणि नांदतेही, पण सॅस डिस्क साटाच्या जागेत शिरतच नाही. नानांनी दोन्ही डिस्का हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "म्हणजे सासूच्या घरात सून राहू शकते, पण सुनेच्या घरात सासू मावत नाही. यात नवीन काय सांगितलं?" मी आजवर वाचलेल्या तांत्रिक वर्णनांत इतकं अचूक वर्णन दुसरं नाही.

तिसरा प्रकार एनव्हीएमईचा. ही डिस्क सर्वांत चपळ. दिसायला पुष्कळदा त्याच अडीच इंची अंगाची, खोलीतही शिरेल असं वाटतं, पण भिंतीमागची वायरिंग तिच्यासाठी केलेली नसेल तर काही उपयोग नाही. मागची ती भिंत, तिला बॅकप्लेन म्हणतात, सर्व्हर मागवतानाच ठरवायची असते.

चौथा नियम तर आपल्या शास्त्राच्या अगदी उलटा. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य. इथं सगोत्रच पाहिजे. डिस्का एका संचात बांधायच्या तर बहुतेक कंट्रोलर सॅसबरोबर साटा घेत नाहीत आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कबरोबर एसएसडी घेत नाहीत. आकार वेगवेगळे घेतले तर कुटुंबात सर्वांत लहान जी असेल तिच्याएवढंच सगळ्यांना मोजतात. मोठ्या डिस्कची जादा जागा वाया जाते, एकत्र कुटुंबात थोरल्या भावाची जाते तशी. मात्र गोत्र एक असावं, जन्मतारीख एक असू नये. एकाच दिवशी एकाच घाणीतून निघालेल्या डिस्का आयुष्यही सारखंच घेऊन येण्याची भीती असते. जुळी मुलं एकदम आजारी पडतात तशा त्या एकदम आडव्या होऊ शकतात.

हे सगळं मी वहीत टिपून घेतलं आणि तीन कंपन्यांकडून दरपत्रकं मागवली. सहकारात तीन दरपत्रकांशिवाय टाचणीही घेता येत नाही. आता तुलनात्मक तक्ता करणं हा वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा हातखंडा. पण या तक्त्यानं माझ्या पदवीची परीक्षा घेतली. पहिल्यानं सॅस तबकड्या दिल्या होत्या, दुसऱ्यानं ९६० जीबीच्या एसएसडी, आणि तिसऱ्यानं घरच्या काँप्युटरला लावतात त्या दोन भल्यामोठ्या आठ टीबीच्या डिस्का. आकडेही असे, की ४८०, ९६०, १.९२, ३.८४. जणू बाटाच्या दुकानातून किमती उचलून आणल्या होत्या. त्यात कंपनी हजारानं मोजते आणि काँप्युटर एक हजार चोवीसनं, त्यामुळे एक टीबीची डिस्क लावली की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. नाना म्हणाले, "मोंढ्यात क्विंटलमागे एवढी तूट धरली तर शेतकरी आडत्याला सोडत नाही."

दर जीबीमागे भाव काढला, तर तिसरा सगळ्यांत स्वस्त. थोडाथोडका नाही, चांगला तिपटीनं. आणि सहकाराचा वेद एकच ऋचा सांगतो: जो स्वस्त, तो मस्त.

मी इंजिनिअरला फोन करून सरळ विचारलं, "बाबा रे, घरच्या काँप्युटरची डिस्क जर खोलीत बसत असेल, तर घ्यायची का नाही?"

तो म्हणाला, "सर, बसेल. पण नांदणार नाही." आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

डिस्कवरची एखादी जागा खराब होणं ही नित्याची गोष्ट. पण अशी जागा लागली की घरच्या डिस्कला वाटतं, ही माहिती जगात फक्त माझ्याचकडे आहे, ती मीच शोधून दिली पाहिजे. म्हणून ती खाली मान घालून तेच ते पुन्हा पुन्हा वाचत बसते. कधी कधी चांगली मिनिट-दोन मिनिटं. तेवढ्या वेळात कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. कंट्रोलर थोडा वेळ वाट बघतो आणि ही गेली असं समजून तिचं नाव पटावरून कमी करतो. चांगली धडधाकट डिस्क अशी प्रामाणिकपणापायी नोकरी गमावून बसते. उलट सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंद शोधते आणि शांतपणे सांगते, "माझ्याकडे सापडत नाही. शेजारी विचारा."

वाचकहो, हा कोणाचा स्वभाव आहे? गेली कित्येक वर्षं गिऱ्हाईक ज्याबद्दल आम्हाला शिव्या देतं, ते 'पलीकडच्या खिडकीवर जा' हे वाक्य संगणकशास्त्रानं गुण म्हणून स्वीकारलं आहे! जास्त पैसे मोजून लोक हा गुण विकत घेतात! मी ही गोष्ट त्याच दिवशी सगळ्या सहकाऱ्यांना सांगितली. कॅश काउंटरवरच्या माणसानं तर ती दोनदा ऐकली. गंमत सोडा, पण त्यामागचं तत्त्व मला पटलं. शेजारणीकडे तीच नोंद आहे, हे माहीत असेल तरच 'शेजारी विचारा' म्हणण्यात अर्थ असतो. आणि रांग खोळंबू द्यायची नसेल, तर स्वतःचा शहाणपणा सात सेकंदांत आवरता आला पाहिजे.

एसएसडीचीही अशीच गोष्ट. तिचं आयुष्य लिहिण्यावर मोजतात. रोज अख्खी डिस्क किती वेळा लिहून काढली तर ती हमीची वर्षं टिकेल, याचा आकडा असतो. नुसत्या वाचनाच्या कामाची असेल तर साधारण एकदा, लिहिण्यावाचण्याच्या कामाची तर तीनदा. बँकेत वाचतो कोण? सगळे लिहितातच. शिवाय सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात. मध्येच वीज गेली तर तेवढ्या साठलेल्या विजेवर ती हातातली नोंद पुरी करते आणि मगच डोळे मिटते. "पाच वाजले की अर्ध्या आकड्यावर पेन टाकणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले.

एवढ्या तयारीनिशी आम्ही संचालक मंडळापुढं गेलो. आमच्या संचालकांत भाऊसाहेब म्हणून एक वजनदार गृहस्थ आहेत. त्यांच्या भाच्याचं काँप्युटरचं दुकान आहे. सहकारी बँकेतल्या प्रत्येक संचालकाला एक भाचा असतो आणि बँकेला ज्या वेळी जे लागेल त्याचं त्याला दुकान असतं. भाऊसाहेबांनी भाच्याकडची आठ टीबीची डिस्क पिशवीतून आणून टेबलावर आदळली. "ही बघा. तुमच्या चार डिस्कांपेक्षा मोठी आणि किंमत तिसरा हिस्सा. बसवून बघा."

नमुन्यासाठी आणलेला रिकामा सर्व्हर शेजारीच होता. त्यांनी स्वतःच ती साडेतीन इंची डिस्क अडीच इंची खोलीत घालायला सुरुवात केली. आधी सरळ, मग आडवी, मग थोडा जोर लावून. चहा घेऊन आलेले शिपाईमामा क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "कामून ठोकू राह्यले साहेब? ते बसायचं न्हाई. मपल्या घरी पाव्हण्याचं कपाट असंच दारात अडकून बसलं होतं, शेवटी दार काढलं."

"बरं, मग मोठ्या खोल्यांचा सर्व्हर घेऊ," भाऊसाहेब हार मानेनात. "पण हे तुम्ही काय लिहिलंय? चार डिस्का ९६० च्या, म्हणजे झाले ३,८४०. आणि पुढं लिहिलंय, वापरायला मिळणार १,९२०. निम्मं गेलं कुठं?"

"रेड टेन आहे, भाऊसाहेब," मी म्हणालो.

'रेड' हा शब्द बँकेच्या सभागृहात उच्चारू नये. दोन संचालकांनी दाराकडे बघितलं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला. ही आयकराची रेड नव्हे, १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी शोधनिबंधात मांडलेली डिस्का एकत्र बांधायची युक्ती आहे, हे सांगून सगळ्यांचा श्वास पुन्हा चालू करावा लागला. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र जुंपायच्या, अशी मूळ कल्पना. नावातला 'आय' म्हणजे 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्त. पुढं त्याचं 'इंडिपेंडंट' झालं. का झालं, ते आमच्या तुलनात्मक तक्त्यावरून कोणालाही कळेल.

निम्मं गेलं कुठं, याचं उत्तर द्यायला मात्र बर्कलीला जायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, "भाऊसाहेब, आपल्या नळाला पाणी रोज येतं का? गच्चीवर टाक्या किती तुमच्या?"

"दोन."

"दोन कशाला?"

"अरे, पाणी आल्यावर एक फुटली तर पुढचं पाणी येईपर्यंत काय पिणार?"

सभा एकदम गंभीर झाली. आमच्या शहरात वर्षानुवर्षं नळाला पाणी रोज आलेलं नाही. जायकवाडीचं धरण जवळ, पण घागर लांब. त्यामुळे साठवण हा विषय इथं पाळण्यातल्या पोरालाही समजतो. एक नोंद दोन डिस्कांवर, एक फुटली तर दुसरी आहे, फुटलेली काढून नवी बसवली की शेजारीण तिला सगळं पुन्हा लिहून देते, आणि हे सगळं सर्व्हर बंद न करता, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं. वाणिज्य शाखेची लाज राखण्यासाठी मी पुढं जोडून दिलं, की प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा हे लुका पॅचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली पुस्तकात छापून ठेवलं आहे, आम्ही बी.कॉम. होतो ते त्याच्याच जिवावर. फक्त एक सावध केलं. दोन टाक्या आहेत म्हणून विहीर बुजवू नये. नोंद चुकीची झाली तर ती दोन्ही डिस्कांवर तितक्याच निष्ठेनं चुकीची होते. म्हणून रोजचा बॅकअप वेगळा आणि वेगळ्या इमारतीत.

तरीही भाऊसाहेब म्हणाले, "पण तिप्पट पैसे?"

तेव्हा नाना उभे राहिले. नाना सभेत कधी बोलत नाहीत. त्यांनी लेजरच्या काळात नोकरी सुरू केलेली. १९८४ साली डॉ. रंगराजन यांच्या समितीनं बँकांत यंत्रं आणायचा आराखडा दिला, त्यानंतरही आमच्यासारख्या लहान बँकांत कितीतरी वर्षं जाड पुठ्ठ्याची लेजरंच चालली. काँप्युटरचं नाव काढलं की नाक मुरडणारा हा माणूस. मला वाटलं, आता संपलं.

नाना म्हणाले, "पंधरा पैशांचा फरक लागला म्हणून रात्री अकरापर्यंत आम्ही लेजरं चाळलीत. का? पंधरा पैशांसाठी नव्हे. सकाळी माणूस खिडकीशी येतो, त्याला आपण वही दाखवतो. २०२३ साली इथल्या एका पतसंस्थेत लोकांच्या ठेवी अडकल्या. ठेवीदार रस्त्यावर आले. त्यात डिस्कचा काही दोष नव्हता, दोष माणसांचा होता. पण दुसऱ्या दिवसापासून आपल्या खिडकीशी रांग लागली. पैसे काढायला नव्हे, पासबुक भरून घ्यायला. एका आजीबाईंना मी सांगितलं, आजी, आपली बँक आहे, २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्या म्हणाल्या, 'मला विमा नको रे बाबा, तुझ्या वहीत माझं नाव दाखव.' भाऊसाहेब, ती वही आता या डबीत आहे. तिजोरी घेताना आपण पत्र्याचं कपाट घेतलं नव्हतं."

एवढं बोलून ते खाली बसले. अध्यक्षांनी ठराव वाचला. सूचक म्हणून नाव कोणाचं घालायचं, असं विचारल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "माझं घाला." माणूस हट्टी आहे, पण त्याच्याही आईचं खातं आमच्याकडेच आहे.

सर्व्हर आला. चार डिस्का चार खोल्यांत गेल्या, दोन खेपांतल्या दोन दोन, एकमेकींच्या सोबतीला. उरलेल्या चार खोल्यांना रिकामी झाकणं बसवली, कारण खोली उघडी टाकली तर वारा भलतीकडून फिरतो आणि डिस्का तापतात. चारही हिरवे दिवे लागले. इंजिनिअरच्या सांगण्यावरून एक पाचवी डिस्क ट्रेसकट जादा घेतली होती, कारण तीनचार वर्षांनी हेच मॉडेल बाजारात मिळेल याची खात्री नसते. ती एकदा खोलीत सरकवून, दिवा लागल्याचं बघून पुन्हा बाहेर काढली. आता ठेवायची कुठं, यावर साहेब कपाट म्हणाले, मी ड्रॉवर म्हणालो.

नानांनी काही न बोलता ती डबी उचलली आणि तिजोरीत नेऊन ठेवली. दोन किल्ल्यांच्या आत, तारण सोन्याच्या शेजारी. तेव्हापासून रोज संध्याकाळी रोकड मोजून झाली की तिचीही मोजणी होते. तिजोरीच्या रजिस्टरात त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली आहे: 'डिस्क, नग एक, कोरी.' आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: 'बसते.'